थिबाच्या कबरीपाशी आपण काय आठवतो?

(रत्नागिरीत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासफेरीनंतर झालेलं भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण उन्हात फिरतोय. थिबा पॅलेस पाहिला, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहिली, मग राजाच्या कबरीपाशी गेलो. आता जेवणं झालीत, डोळे मिटायला लागलेत, हे मला इथून दिसतंय. म्हणून थोडक्यात बोलते. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं, दिवसभर कोड लिहिते. या गावात वाढले, एवढ्याच भांडवलावर मला बोलायला उभं केलंय.

कबरीपाशी तुमच्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, हा ब्रह्मदेशचा राजा, त्यात बौद्ध. त्याचा आपल्याशी काय संबंध? आपण इथे का आलो?" प्रश्न रास्त आहे. मी शाळेत असताना आमची सहलही याच वाड्यात आली होती. बाईंनी सांगितलं, "हा राजा इथे कैदेत होता." आम्ही डबे खाल्ले आणि घरी गेलो. पुढे वीस वर्षं मी त्या रस्त्याने येत-जात राहिले, पण तो राजा माझ्या डोक्यात कधी आला नाही. म्हणून आधी त्याची गोष्ट नीट सांगते.

१८८५ साली मंडालेला थिबाचं राज्य होतं. सागवान तोडणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. नावातच आपली मुंबई आहे बघा. या कंपनीने लाकडाचा कर बुडवला असं म्हणून थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरमध्ये फौज निघाली आणि महिना संपायच्या आत राजा कैद झाला. त्या फौजेत हिंदुस्थानी शिपाई मोठ्या संख्येने होते, हेही लक्षात ठेवा. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. राजा, त्याच्या राण्या आणि लहान मुली यांना आधी मद्रासला नेलं आणि एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा रेल्वे नाही, धड रस्ता नाही. एका बाजूला सह्याद्री आणि दुसरीकडे समुद्र. माणूस विसरला जावा म्हणून ठेवायला याहून चांगली जागा कुठली?

थिबा तेव्हा २७ वर्षांचा होता. आपण पाहिला तो जांभ्या दगडाचा वाडा १९१० साली पूर्ण झाला, म्हणजे तो इथे येऊन २४ वर्षं झाल्यावर. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. आपला देश त्याला पुन्हा दिसला नाही. १९१९ साली कुटुंबाला परत जायची परवानगी मिळाली, पण राजा मात्र इथेच राहिला. त्याच्या थोरल्या मुलीला वाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली होती. राजाची ही नात रत्नागिरीतच मराठी बोलत, गरिबीत जगली आणि २००० साली वारली. म्हणजे आपल्यातले काही जण जन्मले होते तेव्हा मंडालेच्या राजाची नात याच गावात रेशनच्या रांगेत उभी राहणाऱ्यांपैकी एक होती.

याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला जास्त ठाऊक असते. १८५७ नंतर इंग्रजांनी बहादूरशाह जफर यांना दिल्लीहून रंगूनला नेलं. १८६२ मध्ये ते तिथे वारले. कबर ओळखू येऊ नये अशी त्यांना घाईने पुरलं. ती नेमकी जागा १९९१ साली खोदकाम करताना सापडली. आमचा राजा तिकडे, तिकडचा राजा आमच्याकडे. आपल्या मोहल्ल्यात जफर यांचं नाव निघालं की आवाज हळवा होतो. थिबाचं नाव निघालं की आपण विचारतो, आपला काय संबंध? खरं तर दोघांची गोष्ट एकच आहे.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला सोपी आहे. साम्राज्य वाईट, राजा बिचारा. फुलं वाहावीत आणि घरी जावं. पण ती इथे संपत नाही.

थिबा गादीवर आला १८७८ साली, बापाच्या मृत्यूनंतर. पुढच्या फेब्रुवारीत, १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या भावाबहिणींना आणि नातलगांना मारण्यात आलं. सत्तर-ऐंशी जण असावेत असं सांगतात. त्यात बायका होत्या, मुलं होती. गादीवर दुसरा कुणी हक्क सांगू नये, एवढंच कारण. इतिहासकार सांगतात की बेत मुख्यतः राजमातेसमान असलेल्या राणीचा आणि काही मंत्र्यांचा होता, थिबा विशीतला होता, त्याला पुढे केलेलं होतं. असेल. पण राजा तो होता.

मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा राग आला तो सांगणाऱ्याचा. वाटलं, हा इंग्रजांचा प्रचार असणार. आणि इंग्रजांनी त्याचा प्रचार केलाच होता. "असा क्रूर राजा, त्याच्यापासून प्रजेला सोडवलं पाहिजे" असं म्हणत त्यांनी सागवानाची लढाई पुण्यकर्म म्हणून खपवली. त्यांचा हेतू खोटा होता, पण ती माणसं खरंच मेली होती. शत्रूने एखादी गोष्ट आपल्याविरुद्ध वापरली म्हणून ती खोटी ठरत नाही. आजच्या फेरीतून एवढी एक गोष्ट तुम्ही घरी नेलीत तरी मला पुरे आहे, कारण पुढे ती आपल्याच दारात येणार आहे.

जफर यांच्या बाबतीतही तसंच आहे. हॉडसनने शहजाद्यांना गोळ्या घातल्या हे आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्याआधी, मे १८५७ मध्ये, लाल किल्ल्यात ठेवलेल्या सुमारे पन्नास युरोपीय कैद्यांना मारलं गेलं. त्यात बहुतेक बायका-मुलं होती. म्हाताऱ्या बादशहाच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं हे खरं. पण ती मुलंही कुणाची तरी होती. आपल्या हळव्या आवाजात त्यांच्यासाठी जागा असते का?

आता कबरीकडे परत येऊ. आज तिथे आपण पंधरा-वीस जण होतो. यापूर्वी तिथे मोठे पाहुणे येऊन गेलेत. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले होते. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याचे वंशज आले आणि त्यांच्याबरोबर म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग लाइंगही आले. परक्या देशात हाकलल्या गेलेल्या, मातृभूमी पुन्हा न पाहिलेल्या माणसाच्या कबरीसमोर ते आदराने उभे राहिले.

त्या वेळी त्यांच्या देशात, राखाइन प्रांतात, लष्कराची मोहीम सुरू झालेली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे इथून गेल्यावर आठ महिन्यांनी, ती कळसाला पोहोचली. सात लाखांहून अधिक रोहिंग्या गावं जळत असताना नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने म्हटलं की लष्करप्रमुखांसह वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची नरसंहाराच्या आरोपाखाली चौकशी झाली पाहिजे.

त्या लोकांच्या छावण्या आज जिथे आहेत त्या जिल्ह्याचं नाव कॉक्स बाजार. हे नाव कसं पडलं? थिबाचा खापरपणजोबा बोदोपाया याने १७८४-८५ मध्ये आराकान जिंकलं. तेव्हाही माणसं जीव मुठीत धरून चितगावकडे पळाली. त्यांना वसवायला कंपनी सरकारने हायरम कॉक्स नावाचा अधिकारी नेमला, त्याच्या नावाने बाजार वसला. दोनशे वर्षांनी तीच वाट, तीच नदी आणि पुन्हा तसेच पळणारे लोक.

सेनापतीने कबरीपाशी काय आठवलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्याला वाईट खरंच वाटलं असेल. नाटक नसेल. "आमच्या राजाला परक्यांनी हाकललं" हे दुःख त्याच्या मनात खरंच असेल. अडचण तीच आहे. तो त्या जागी फक्त आपली जखम पाहायला आला होता. आपल्या राजाने काय केलं, त्याच्या खापरपणजोबांनी आराकानात काय केलं, आपण स्वतः आज काय करतोय, यातलं काहीच त्याने कबरीसमोर आणलं नाही. अशी आठवण माणसाला नरम करत नाही. उलट, "आमच्यावर अन्याय झालाय, आता आम्ही काहीही करू शकतो" अशी मोकळीक देते.

म्हणून स्मारकाला भेट दिली की माणूस आपोआप शहाणा होतो, यावर माझा विश्वास नाही. तिथे आपण काय बरोबर नेतो यावर सगळं अवलंबून आहे.

दुसऱ्या देशाच्या सेनापतीबद्दल बोलणं सोपं आहे. टाळ्या पण मिळतील. आता आपल्याबद्दल बोलू.

माझा जन्म मुंबईचा. परळजवळच्या चाळीत आमची खोली होती. चाळीत मुसलमानांची तीनच बिऱ्हाडं. जानेवारी १९९३ मध्ये मी चार वर्षांची होते. शेजारच्या काकूंनी आम्हाला दोन रात्री आपल्या खोलीत, पलंगाखाली आणि मोरीत लपवलं. तिसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला एसटीत बसवून दिलं. आम्ही रत्नागिरीला दादीकडे आलो ते कायमचे. खोली लुटली गेली. अब्बांनी मग इथेच छोटं दुकान टाकलं. ही गोष्ट आमच्या घरात दर डिसेंबरला निघते. मला ती तोंडपाठ आहे.

आपल्या संघटनेतही दरवर्षी सभा होते. श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आपण सांगतो. दोन्ही दंगलींत मिळून ९०० मृत्यू, त्यात ५७५ मुसलमान. पोलिसांच्या गोळीबारात ३५६ गेले. अहवाल १९९८ साली आला, शिक्षा मोजक्याच झाल्या. हे सगळं खरं आहे आणि आपण ते सांगायचं थांबवता कामा नये. पण ९०० मधून ५७५ गेले की किती उरतात? त्यातले २७५ हिंदू होते. आपल्या सभेत हा आकडा मी आजवर एकदाही ऐकलेला नाही.

आणि १२ मार्च? दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीपासून सुरुवात झाली. २५७ माणसं मेली. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. स्फोटकं उतरली ती आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर, शेजारच्या रायगड जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीला. उतरवणाऱ्यांत आपल्या समाजातले लोक होते. पैसे खाऊन डोळे मिटणारे कस्टमचे आणि पोलिसांतले लोकही होते, त्यांनाही शिक्षा झाल्या. या खटल्यात शंभर जण दोषी ठरले. दंगलीच्या खटल्यांत असं का झालं नाही, हा आपला प्रश्न बरोबर आहे. पण हा प्रश्न विचारून झाल्यावर आपण १२ मार्चबद्दल पुढे एक वाक्यही बोलत नाही.

मीही बोलत नव्हते. काही वर्षांपूर्वी पुण्यात ऑफिसात एका सहकाऱ्याबरोबर जेवत होते. विषय निघाला, मी आमची परळची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, माझे वडील शेअर बाजाराजवळ कारकून होते, १२ मार्चला गेले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. थोडं थांबून त्याने विचारलं, "तुमच्या घरी १२ मार्चबद्दल काय बोलतात गं?" विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरी जानेवारीनंतर थेट पावसाळा यायचा.

मी रत्नागिरीला आल्यावर अब्बांना विचारलं. आता जे सांगते ते त्यांच्या परवानगीने. ते मागच्या रांगेत बसलेत.

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी दादीच्या घरी रेडिओवर बातमी ऐकली. पहिली दोन मिनिटं मला बरं वाटलं. घ्या आता, असं मनात आलं. आणि मग आठवलं की शेजारचे काका फोर्टात कामाला आहेत." ज्या माणसाने आम्हाला एसटीत बसवलं, तो माणूस. काका सुखरूप असल्याचं आठ दिवसांनी पत्राने कळलं. ते आठ दिवस अब्बांना जेवण गेलं नव्हतं. दादीला वाटलं, खोली गेल्याचं दुःख आहे. ती दोन मिनिटं त्यांनी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

माझ्या अब्बांनी कुणाला मारलं नाही. स्फोटांची जबाबदारी त्यांची नाही, माझी नाही, तुमची नाही. कुणी आपल्याकडून माफीनामा मागत असेल तर तो द्यायचं कारण नाही. आठवणं आणि गुन्हा कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ती दोन मिनिटं कशी येतात, चांगल्या माणसाच्या मनात कशी येतात, हे आठवायचं नाही तर मग स्मारकं पाहायची तरी कशाला?

माझ्या धंद्यातलं एक सांगते. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय घडलं ते मिनिटामिनिटाला लिहून काढतात. कुणाला फाशी द्यायला नाही, पुन्हा घडू नये म्हणून. नियम एकच, लॉग पुसायचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. लिहिताना मी तेवढी एक ओळ गाळली, बाकी सगळं खरं लिहिलं. तीन महिन्यांनी नेमकी तीच चूक दुसऱ्या मुलीच्या हातून झाली. त्या रात्री ती रडत होती आणि मी तिच्या शेजारी बसले होते. गाळलेली ओळ मला माहीत होती, तिला नव्हती.

तुमच्यातले काही म्हणतील, चहाच्या वेळी एका चाचांनी म्हटलंच, "आपणच असं बोललो तर त्यांच्या हातात कोलीत मिळेल." ही भीती खरी आहे. आजच्या दिवसांत तर फारच खरी आहे. पण कोलीत त्यांच्याकडे आधीपासून आहे. १२ मार्च कुणी विसरलेलं नाही. फक्त ती गोष्ट सांगायचं काम आपण पूर्णपणे दुसऱ्यांवर सोडलंय आणि ते ती आपल्याला आवडणार नाही अशाच रीतीने सांगतात. इंग्रजांनी मंडालेची गोष्ट सांगितली तशी. आपण ती आपल्या तोंडाने, आपल्या मेलेल्यांबरोबर, त्यांच्या मेलेल्यांबरोबर सांगितली तर निदान आपल्या मुलांना तरी पूर्ण गोष्ट मिळेल.

आणि दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी हेच करावं, अशी माझी इच्छा आहे. परळच्या त्या चाळीत आमची खोली लुटणारे कोण होते, हे काकूंना माहीत असणार. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांनी सांगेपर्यंत मी थांबायचं का? मी ठरवलंय, थांबायचं नाही.

तर कामाचं सांगते. या वर्षीच्या सभेत ९०० चा आकडा पूर्ण सांगायचा. ५७५, २७५, पाच इतर आणि ज्यांचा धर्म कळला नाही ते ४५. त्या ४५ जणांसाठी कुणीच सभा घेत नाही. १२ मार्चला दुपारी दीड वाजता आपण एकत्र बसू, २५७ जणांसाठी. भाषणं नकोत. माझा सहकारी येतो म्हणालाय. आणि तुम्ही प्रत्येकाने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. "तुमच्यावर काय गुदरलं?" हे आधी विचारा, ते पूर्ण ऐका, घाई करू नका. त्यानंतर विचारा, "आणि त्या वेळी तुमच्या मनात काय आलं?" दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. अब्बांना अर्धा तास लागला आणि दोन कप चहा.

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. थिबाशी आपला काय संबंध? त्याच्यावर अन्याय झाला आणि त्याच्या दारातही अन्याय झाला, दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात. आपल्या गावात अशी एक कबर आहे हे बरं आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा एक फूल राजासाठी आणा आणि एक मंडालेच्या वाड्यातल्या त्या मुलांसाठी. त्यांची कबर कुठे नाही.